घरटी एक माणूस

आमच्या गावात शेतकरी फार. शेत कमी, पण शेतकरी फार.

कोल्हापूर शहराची हद्द संपते तिथं एक कमान आहे. कमानीच्या अलीकडं महापालिकेचा कचरा पडतो, पलीकडं ग्रामपंचायतीचा. वारं सुटलं की दोन्ही कचरे एकमेकांत मिसळतात. शहराची आणि गावाची मनापासून झालेली गाठभेट म्हणावी तर तेवढीच. कमानीच्या पलीकडं राहतो ते आम्ही.

मधे गावठाण. तिथं आमची भावकी, म्हणजे एकाच आडनावाची दोन गल्ल्या माणसं, जी एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत पण मयताला चुकत नाहीत. देवळामागं लिंगायतांची आळी, पुढं दुकान, मागं घर, आणि घरात निम्मं कानडी. मुसलमानांची थोडी घरं, ज्यांच्याशिवाय यात्रेचा दुसरा दिवस, म्हणजे मटणाचा दिवस, उजाडत नाही. ओढ्याच्या अंगाला बौद्धवस्ती. तिच्या कमानीवर नगराचं नाव ठळक लिहिलंय, पण गावठाणातल्या तोंडांना ते अजून पाठ झालेलं नाही. हे झालं 'गाव'. रस्त्यापलीकडं, आमच्याच लोकांनी विकलेल्या रानात, कॉलन्या. तिथं पन्हाळ्याच्या कचेरीत जाणारे कारकून, मास्तर, बँकवाले. त्यांना पत्ता विचारला तर ते गावाचं नाव गिळून थेट 'कोल्हापूर' म्हणतात. आणि उरलेले सगळे घराघरांच्या मागं, पत्र्याच्या खोल्यांत. एमआयडीसीतल्या फौंड्रीत साचे मारणारे बिहारी, फर्निचरवाले राजस्थानी, गडहिंग्लज-आजऱ्याकडची जोडपी, धरणात गाव गेलेली दोन कुटुंबं. पुढून रंगवलेला बंगला बघायचा आणि मागं जाऊन सांडपाण्याची गटार बघायची, म्हणजे आमचं गाव कळतं. पुढचं दार मालकाचं आणि मागची गटार सगळ्यांची.

या मागच्यांना आमच्याकडं पावणं म्हणतात. 'काय पावणं, कुठलं?' परगावच्या लोकांना हे फार गोड वाटतं. मलाही वाटायचं. पाहुणा म्हटलं की एक सोय असते, तो कधीतरी जाणार असतो. चौदा वर्षं राहिला तरी तो जाणारच असतो.

मी कॉलेजात असल्यापासून आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. एसटीच्या पासावर लिहिली, रेशनच्या तांदळातल्या अळ्यांवर लिहिली. म्हणून हद्दवाढीचा विषय पेटला, म्हणजे शहर आपली हद्द वाढवून आमचं गाव गिळणार अशी बातमी आली, तेव्हा गावच्या विरोध समितीनं मला बोलावलं. समितीत आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तेही होते. अध्यक्ष म्हणजे गावातले एक पुढारी, पांढऱ्या कपड्यांतले, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. म्हणाले, "तुझ्या हातात लिवनं हाय. आमच्या हातात गाव हाय. लिव."

मी लिहिलं. गुलाबी कागदावर छापलं. त्यातली दोन वाक्यं मला तेव्हा इतकी आवडली होती की मी ती आरशासमोर म्हणून बघितली होती. 'या गावात एकही उपरा नाही. इथला प्रत्येक माणूस मातीला बांधलेला आहे.' भिंतीभिंतीवर लागलं ते पत्रक. आज ते कुठं फाटक्या कोपऱ्यानं चिकटलेलं दिसलं तर मी पलीकडून जाते.

मग समितीनं घरोघर पाहणी काढली. शहराचं म्हणणं होतं की या गावात शेती उरलीच नाही, हे आधीच शहर झालंय. त्याला उत्तर म्हणून आम्ही मोजून दाखवणार होतो. कागदावर चार रकाने, घराचा प्रमुख, माणसं किती, मूळ गाव, व्यवसाय. गावठाण माझ्याकडं आलं.

पहिलंच घर हॉटेलवाल्याचं. रस्त्याला मिसळीचं हॉटेल, वर पाटी, पाटीवर त्याचाच फोटो. मी विचारलं, "व्यवसाय?"

"शेती."

"आणि हे हाटेल?"

"हाटेल बायकूच्या नावावर हाय. मी शेतकरी."

"रान कुठं हाय तुमचं?"

"इकलं की. म्हनून काय शेतकरी ऱ्हात न्हाय व्हय मानूस?"

मी लिहिलं, शेती. पुढचा जिमवाला. तो म्हणाला, "शेती." त्याच्या मागच्या घरात एक जाडजूड गृहस्थ, गोठ्यात एक म्हैस. म्हैस दाखवून म्हणाले, "ही काय, शेतकऱ्याचा पुरावा दारात बांदलाय." धार कोण काढतं, असं मी सहज विचारलं. "भय्या काढतो. सकाळी येतोय बिचारा सायकलीवरनं." म्हशीला मालकापेक्षा भय्याची ओळख जास्त होती. तिनं मान वळवली ती मागच्या खोलीकडं.

"मागं कोण राहतं?"

"कोन न्हाय. अडगळ हाय."

अडगळीच्या दारात चपलांचे सहा जोड होते.

मी सांगते, मला तेव्हा हसू येत होतं. राग नंतर आला. प्रत्येक घरात चार माणसं, पाच माणसं, व्यवसाय शेती, मूळ गाव हेच. कॉलनीत दुसरा मुलगा फिरत होता, त्याला एका बँकवाल्या साहेबांनी दारातूनच सांगितलं, आम्हाला कशात धरू नका, आम्ही इथं फक्त झोपायला येतो. जिथं माणूस झोपतो तिथं तो राहत नाही, असा शोध लावायला शिक्षणच लागतं.

सगळ्यात शेवटी आमचं घर आलं.

आबा सोप्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आबांनी रान विकून बंगला बांधला आणि उरलेल्या जागेत सात खोल्या काढल्या. सात खोल्यांना दोन मोऱ्या, एक नळ. मी पेन काढलं. चेष्टेच्या सुरात म्हणाले, "काय पावणं, घ्या लिवून. मानसं चार. व्यवसाय शेती."

"आणि मागच्या सात खोल्या?"

"त्या कशाला? त्या दाखवल्या की पंचायतीचा घरफाळा आला, घरफाळा आला की भाडेकरू आलं, भाडेकरू आलं की शहर आलं. तुज्याच पत्रकात हाय न्हवं, एकबी उपरा न्हाई. मग?"

आई आतून म्हणाली, "लिव बाई, च्या गार हुतोय."

मी लिहिलं. चार. शेती. खाली पाहणी करणाराची सही, माझी. चहा गार झाला नव्हता.

आता मागच्या खोल्यांतल्या तिसऱ्या खोलीबद्दल सांगते. तिथं आजऱ्याकडची एक वैनी राहायची. मी सहावीत असताना ती लग्न होऊन आली. नवरा फौंड्रीत. लग्नाआधी आजऱ्याला काजूच्या कारखान्यात काजू सोलायची, त्या चिकानं भाजलेल्या बोटांच्या टोकांवरचे डाग अजून आहेत. बारावी शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. दर वर्षी माहेरहून घनसाळ तांदूळ आणायची, त्यातला पहिला डबा आमच्या घरी. आबा वास घेऊन म्हणायचे, भात खावा तर आजऱ्याचा. भात आजऱ्याचा चालायचा. माणसाचा वास त्यांना कधी आला नाही.

गावात तिला नाव नव्हतं, 'आजऱ्याची' एवढंच. आणि तरी तिला ओळखत नाही असं गावात घर नव्हतं. कारण 'घरटी एक'.

आमच्या ग्रामदैवताची यात्रा असते तेव्हा देवळाच्या स्पीकरवरून पुकारा होतो, घरटी एक माणूस देवळाकडं या. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा, झाडायला, चिरायला, पाणी ओढायला, महाप्रसादाची पंगत वाढायला. जुना नेम आहे. देवापुढं सगळी घरं सारखी, असं म्हातारी माणसं त्याचं कौतुक सांगतात. देवळाच्या पायरीवर एक म्हातारा पुजारी वही घेऊन बसतो आणि घरांच्या नावापुढं खुणा करतो. अमक्याच्या घरचं आलं का? आलं की.

आता येतं कोण, तर मागच्या खोल्यांतले. बंगल्यांनी आपापला भाडेकरू धाडायचा आणि स्वतः इस्त्रीचे कपडे घालून पंगतीला बसायचं. आमच्या घरचा एक माणूस म्हणून चौदा वर्षं वैनी गेली. पुजारी विचारायचा, "मालकाच्या घरचं?" आणि ती म्हणायची, "मी हाय की." एवढ्या मोठ्या भांड्यातला भात कधी दमाला लावायचा हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, म्हणून भाताची भट्टी तिचीच. मी, त्या घरची खरी पोर, समतेवर पत्रकं लिहिणारी, एकदाही गेले नव्हते. कुणी विचारलंही नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं.

पाहणी झाल्यावर महिन्याभरानं वैनी पुढच्या दारानं आली. पुढच्या दारानं ती कधी यायची नाही. गावात अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली होती. बारावी पास पाहिजे, ती होती. पस्तिशीच्या आत पाहिजे, ती चौतीस पुरी करत आली होती, म्हणजे पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. आणि अर्जदार त्याच गावची रहिवासी पाहिजे. अर्जाची मुदत यात्रेनंतरच्या बुधवारी संपत होती.

"हिम्मत कशी झाली म्हनशील," ती म्हणाली. "तुजं पत्रक वाचलं भिताडावर. एकबी उपरा न्हाई म्हनं. दोनदा वाचलं. म्हटलं, बरं झालं बाई, आता आपुनबी उपरं न्हाई. म्हनून धीर केला."

आयुष्यात मी लिहिलेलं एकच वाक्य कुणीतरी खरं मानलं, आणि ते मी तिला वगळण्यासाठी लिहिलं होतं.

आम्ही दोघी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाची आणि वैनीची पोरगी एकाच वर्गात, एकाच बाकावर. तो वैनीला ओळखत नाही असं म्हणायला त्याला देवानंही परवानगी दिली नसती. त्यानं आधारकार्ड बघितलं, पत्ता आजऱ्याचा. भाड्याचा कागद विचारला, तो आबांनी कधी केलाच नव्हता.

"भाऊसाहेब, मी हितं चौदा वर्सं हाय," वैनी म्हणाली. "तुमच्या पोरीला माज्या हातचा भात लागतोय."

"मला म्हाईत हाय वैनी. पर माज्या म्हाईतीवर दाखला न्हाय निगत." त्यानं कपाटातून समितीचे कागद काढले, जे समितीनं मोठ्या ऐटीत पंचायतीत दिले होते. आमच्या घराची ओळ काढली. "ह्ये बगा. मानसं चार. भाडेकरू न्हाय. पाहणी कुनी केलीया?" आणि त्यानं कागद माझ्याकडं वळवला. "सई तुमचीच हाय न्हवं, ताई?"

वैनीनं सही वाचली. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "मग आता काय पायजे?"

"मालकाचं संमतीपत्र आना. हितं ऱ्हात्यात म्हनून. लगीच दाखला देतो."

मी आबांकडं गेले. आधी नीट बोलले, मग भांडले. आबा शांत होते. मागच्या खोल्यांबद्दल बोलताना आमच्याकडं माणसं फार शांत असतात.

"आज सई दिली की उद्या खोली माजीच म्हनंल."

"चौदा वर्षांत म्हणाली?"

"म्हनली न्हाय म्हनून तर ऱ्हाऊ दिलंय."

अध्यक्षांकडं गेले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. म्हणाले, "पोरी, एक खोली दाखवली की सगळ्या दाखवाव्या लागत्यात. मग गाव कुठं ऱ्हायलं? आन त्या जागंला गावातलीच पोरगी बसायला पायजे. आमची धाकटी सून बारावी हाय."

तर असा मातीला बांधलेला प्रत्येक माणूस. मी रागानं त्या दिवशी नवं पत्रक लिहायला बसले. मोठे शब्द घातले, शोषण, ढोंग, सरंजामी. वैनीला वाचून दाखवलं. ती मोरीवर कपडे धूत होती.

"तुजं पत्रक ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एकाचं इतकं झालं, दुसऱ्याचं काय हुईल? मी औंदा घरटीला न्हाई जायाची, बास. हितली न्हाई म्हटल्यावर मला घरटीत कशी मोजत्यात?"

एवढंच. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. नळावर पाणी भरायला आलेल्यांनी ते ऐकलं. साच्यावाल्या बिहाऱ्याच्या बायकोनं विचारलं, "क्या बोली भाभी?" वैनीनं तिच्या तोडक्या हिंदीत सांगितलं. मग ते एका मोरीवरून दुसऱ्या मोरीवर, आमच्या मागच्या गल्लीतून हॉटेलवाल्याच्या मागं, जिमवाल्याच्या मागं, म्हशीच्या गोठ्यामागच्या अडगळीत गेलं. मी कुणाला गोळा केलं नाही. करता आलं असतं असंही वाटत नाही.

यात्रेच्या दिवशी सकाळी स्पीकर ओरडला, घरटी एक माणूस देवळाकडं या. तासाभरानं पुन्हा ओरडला. मागच्या गल्लीत बायका केस धुवून उन्हात बसल्या होत्या. फौंड्रीला सुट्टी, पुरुष बनियनवर पत्ते खेळत होते. सगळं इतकं निवांत होतं की यात्रा आमच्या गावाची नसून यांचीच आहे असं वाटावं.

मी देवळाकडं गेले. आचारी एक होता, बाकी त्याचे हात म्हणजे घरटीतली माणसं, ती नव्हती. मोजकी म्हातारी, बौद्धवस्तीतली चार पोरं जी पाणी ओढायला दर साल येतात, आणि लिंगायत आळीतल्या दोन अक्का. त्यातली एक आचाऱ्याला कानडीत काहीतरी सुनावत होती. गव्हाची खीर कशीबशी झाली होती, आमटी झाली होती. वांगी चिरायची राहिल्यामुळं भाजी नव्हती. भात चढवलेला होता, पण त्याच्या भट्टीपाशी कुणीच नव्हतं.

आणि समोर पंगत बसली होती. दुपारची वेळ, मांडव भरलेला, इस्त्रीचे पांढरे शर्ट, टोप्या, ओळीनं. पत्रावळ्या प्रत्येकानं आपापल्या ओढून घेतल्या होत्या, कारण मांडणारं कुणी नव्हतं. सगळे शेतकरी. समोर शिजलेलं अन्न, आणि ते पात्रात कसं येतं हे एकालाही माहीत नाही. एकजण मिठाची वाटी हातात धरून बसला होता, जणू त्याच्याकडून जेवढं होणार तेवढं त्यानं केलंय.

पुजाऱ्यानं वही उघडून पुकारायला सुरुवात केली. हॉटेलवाल्याच्या घरचं कोण? पंगतीतून आवाज आला, "येतंय की, निगालंय." जिमवाल्याच्या घरचं? "येतंय." मग आमचं नाव. आबा दुसऱ्या ओळीत बसले होते. म्हणाले, "येतंय, येतंय."

मी म्हणाले, "आबा, कोण येतंय?"

मांडवातल्या माना वळल्या. आमच्या गावाला भांडण बघायचं असलं की भूक आवरते.

"आपल्या घरात माणसं चार. तुम्हीच लिहायला लावलंय. आई आजारी, भाऊ पुण्यात. उरलो तुम्ही आणि मी. मी आलेय. नाहीतर तुम्ही उठा."

कुणीतरी मागून म्हणालं, "उठा की मालक. शेतकरी मानूस तुमी, कष्टाचं काय त्यात." हसणं पसरलं. पण हसणाऱ्यांची नावंही त्याच वहीत होती, आणि पुजारी, ज्याला ऐकायला कमी येतं की तसं दाखवतो ते मला आजवर कळलेलं नाही, एकेक नाव परत वाचायला लागला, आता खुणेसाठी थांबून थांबून.

उठले. आबा उठले, हॉटेलवाले उठले. रोज गिऱ्हाइकाला वाढणारा तो माणूस देवळात बादली धरायला लाजला. आबांनी खिरीची बादली घेतली. पहिल्या पात्रात एवढी ओतली की ती पत्रावळीबाहेर वाहून त्या माणसाच्या मांडीवर गेली, आणि दुसऱ्याला नुसती पळी दाखवली. मला कीव आली नाही. मी आमटीची बादली घेतली आणि मलाही जमलं नाही, हे लिहून ठेवते.

तेवढ्यात भट्टीकडनं करपल्याचा वास आला. आचारी ओरडला, "आजऱ्याची कुठं हाय? भात कोन बगनार?" कुणीतरी म्हणालं, आली न्हाय. "न्हाय म्हंजे? आना की जाऊन तिला."

ते चौघं निघाले, आबा, अध्यक्ष, आचारी, आणि पंगतीत बसलेला ग्रामसेवक, ज्याला मी दंडाला धरून उठवलं. मागोमाग मी. मागच्या गल्लीत आबा किती वर्षांनी आले होते कुणास ठाऊक. गटार ओलांडताना त्यांनी धोतर असं उचललं जसं परक्याच्या गावात उचलतात. सातही खोल्या त्यांच्याच.

वैनी दारात बसून लेकीची वेणी घालत होती.

अध्यक्ष म्हणाले, "वैनी, चला की. भात लागाय लागलाय. देवाचं काम हाय."

"कुठल्या घरची म्हनून येऊ?"

"म्हंजे? मालकाच्या घरची. दरसालची हायसा की."

"मालकाच्या घरात तर चारच मानसं हायत म्हनं. कागद हाय पंचायतीत." तिनं वेणी सोडली नाही, नुसती आबांकडं वळली. "मामा, तुमीच सांगा. पाचवी कोन?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पाहणीच्या वहीतल्या कोऱ्या कागदावर संमतीपत्र लिहून आणलं होतं. ते बघून आचारी वैतागून म्हणाला, "मालक, काय सई हाय ती करा की. हितं तुमची इभ्रत ऱ्हाती, तितं माजा भात जातोय."

आबांनी भिंतीला कागद लावून सही केली. अध्यक्ष म्हणाले, आज पंचायतीला सुट्टी, दाखला परवा. वैनी म्हणाली, "बरं. मग भात तवर तुमी बगा." आणि लेकीच्या दुसऱ्या वेणीला सुरुवात केली.

पंचायतीची किल्ली ग्रामसेवकाच्या खिशातच निघाली. दाखल्यावर शिक्का बसला तेव्हा त्याच्या बोटांना खीर लागलेली होती, ते पिवळट बोट कागदाच्या कोपऱ्यावर उमटलं. वैनीनं दाखला दोनदा वाचला. पत्रक वाचलं होतं तसंच. मग पदर खोचून देवळाकडं गेली. खालचा भात गेला होता, वरचा तिनं वाचवला. करपलेला वास असताना सगळ्यांनी 'भात ब्येस झालाय' म्हणून खाल्ला.

याला विजय म्हणणारी माणसं मला भेटली, त्यात आमच्या संघटनेतलीही होती. विजय कसला. समितीच्या कागदावर फक्त आमच्या घरापुढचं चार खोडलं, वैनीच्या घरची तिघं धरून सात केलं. बाकीच्या घरांमागं अजून अडगळच आहे. हॉटेलवाल्यानं त्या दिवशी न आलेल्या दोन जोडप्यांना खोली सोडायला लावली, आणि पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत नवी माणसं भरली. आबांनी वैनीला वर्षाच्या आत जागा बघायला सांगितली. कारण काढलं भावाच्या लग्नाचं. भाऊ अजून पुण्यात आहे, लग्न कुठं ठरलेलं नाही. अध्यक्षांच्या सुनेचा अर्जही आला होता. पण तिची बारावी म्हणजे बारावीला बसणं होतं, एवढ्यावर वैनीचं नाव लागलं.

परवा अंगणवाडीची कुटुंब पाहणी होती. सेविकाबाई आणि त्यांच्याबरोबर मदतनीस, दारोदार, हातात मोठी वही आणि पोरांचा वजनकाटा. आमच्या दारात दोघी आल्या. आता ती पुढच्याच दारानं येते. आबा सोप्यात वर्तमानपत्र घेऊन होते. त्यांनी तिला बसा म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

सेविकाबाईंनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार."

"लहान मूल?"

"कोन न्हाय."

वैनीनं मागच्या बाजूला बघितलं. तिच्या जुन्या खोलीत आता बिहारचं एक जोडपं आहे, त्यांना तीन महिन्यांचं पोर.

"मामा, आन मागं?"

"मागं कोन न्हाय. अडगळ हाय."

मागं पोर रडायला लागलं. चांगलं जोरात, दूध मागणारं. आबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. वैनीनं सेविकाबाईंकडून वही घेतली, पेन घेतलं, आणि आबांना पुढं काही विचारलं नाही. बंगल्याच्या कडेनं वळून, गटार ओलांडून ती मागं गेली, आणि मी वजनकाटा उचलून तिच्या मागं.